गव्हाची दुसरी पंगत

तं झालं असं का, स्वीटीनं बापासोबत पैज लावली. पैज म्हणजे पैशाची नाई. वावराची.

आंजी मोठीच्या शिवारात पुनाजी उईकेचं चार एकर काळं वावर आहे, विहिरीवरचं. सोयाबीन निघालं का दरसाली ठरलेलं. पोरगा अमर ट्रॅक्टर आणते, रोटावेटर फिरवते, माती अशी भुरभुरीत करून ठेवते का पाय घोट्यापर्यंत आत जाते, अन् मग त्यात गहू. अमर गावभर हेच काम करते, त्यामुळं रोटावेटरले कोणी नाव ठेवलं का त्याले वाटते आपल्यालेच ठेवलं. अन् औंदा नाव ठेवलं कोणं? घरातल्या बहिणीनं!

स्वीटी शेतीचा डिप्लोमा करून घरी आलती. अस्मिता मॅडमच्या शेतीशाळेत दर बुधवारी जायची, वहीभर लिहून आणायची. एक दिवस जेवता जेवता म्हणते, "बाबा, औंदा अर्ध्या वावरात रोटावेटर नाई घालायचा."

पुनाजीनं घास तसाच हातात ठेवला. "मग पेरशीन कायच्यात? रस्त्यात?"

"तसंच पेरीन. शेतीशाळेची मशीन येते, सोयाबीनच्या धसकटातच बारीक फट पाडते अन् त्यात बी सोडते. अन् वरून कुटार पसरवायचं."

कुटार म्हणजे सोयाबीन मळल्यावर राह्यते तो शेंगांचा अन् काड्यांचा भुसा. घरच्या दोन गाई अन् बैलजोडीचा हिवाळा त्याच्यावरच जाते. स्वीटीची माय सुंदराबाई चुलीपाशी होती, ते तिथूनच वळली. "कुटार? माह्या ढोरांच्या तोंडातलं काढून मातीले चारशीन?" अन् पुढचं सारं गोंडीत. राग आला का सुंदराबाई गोंडीवर येते, अन् मग घरात कोणी मधात बोलत नाई.

अमर हासून राह्यला. "नांगरायचं नाई, वखरायचं नाई, वरून भुसा. बाबा, हे शेती आहे का गादी भरून राह्यली?"

पण पुनाजी जेवला, हात धुतला अन् म्हणाला, "बरं. अर्धं तुहं, अर्धं माहं. संक्रांतीले पाहू, तवरिक ओंब्या निघते. तुहा गहू माह्या गव्हाच्या बरोबरीनं उभा असला तं पुढच्या साली चारही एकर तू म्हणशीन तसं. नसला तं चारही एकरात रोटावेटर, अन् तू हिंगणघाटले. मावशी कवाची बोलावून राह्यली."

हिंगणघाटले मावशीनं कापसाच्या एका जिनिंगमध्ये काम पाहून ठेवलतं, वजनकाट्यावर पर्च्या फाडायचं. काम वाईट नाई. पंखा, खुर्ची, महिन्याचा पगार. पण स्वीटीले सकाळी उठून वावरात उकिडवं बसायची, मुठीत माती घेऊन नाकाले लावायची सवय लागलेली. पर्चीले कोणता वास असते, सांगा बरं!

"कबूल," ते म्हणाली.

पेरणी झाली. सुंदराबाईनं रोज दोन टोपले कुटार परत आणलं, स्वीटीनं दोन टोपले परत नेलं, असं करता करता दोन एकरावर पातळसं कुटार पसरलं. वावराच्या कोपऱ्यात, विहिरीमागं, एक बोरीचं झाड आहे. तिथी दोन्ही अर्धे एकमेकांले भिडते. त्या बोरीवर गांधीलमाशांचं पोळं. दिवाळीत अमरचा कान वांग्याएवढा झालता, तवापासून भाऊ त्या बाजूनं हेल्मेट घातल्याशिवाय जात नाई. स्वीटी जायची, पण पहाटेच्या थंडीत, माशा गारठून चिकटल्या असते तवा.

आता वीस-बावीस दिवस झाले अन् पाहते तं काय! पुनाजीच्या अर्ध्यात गहू हिरवागार, नुसता पोपट. अन् धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडं स्वीटीचा गहू पिवळा. खालची पानं तं एकदम फिक्की. मधात दोरी धरून रंग मारल्यासारखं. रस्त्यानं जाणारा येणारा थांबून पाहे.

शेजारचा प्रेमदास तं रोज धुऱ्यावर हजर. "काऊन व स्वीटे, गव्हाले हळद लावली का? नवरदेव कोन्या गावचा?"

"काका, तुम्ही वऱ्हाडी म्हणून येजो, मी पत्रिका देतो."

तोंडावर असं बोलली, पण वाकून एक पिवळं पान तोडून घरी नेलं. त्या सांजेले चुलीपाशी सगळे बसले. पुनाजीच म्हणाला, "पिवळा काऊन पडला, तेवढं तं सांग."

"बाबा, गव्हाले नायट्रोजन भेटून नाई राह्यला."

"तं जमिनीत नाई का?"

"आहे न! तेच तं. तुमच्या वावरात आहे तेवढाच माह्या वावरात आहे. पण तो असा आयता नसते. जुना पाला, मुळ्या, शेण, त्याच्यात बांधलेला असते. मातीतले बारीक बारीक जीव ते खाते, तवा तो सुटते. तुम्ही रोटावेटर फिरवला का मातीत हवा जाते, जिवांची भूक खवळते, ते धडाधडा खाते अन् नायट्रोजन धडाधडा सुटते. गव्हाले पहिल्या दिवसापासून आयतं ताट. माह्या इथी माती हललीच नाई, तं सारं हळूहळू. अन् वरून मी कुटार टाकलं. कुटार खायचं तं त्या जिवांले पण नायट्रोजन लागते, भाकरीसोबत लागते न भाजी, तसा. ते काय करते, मातीतला होता तो उचलून घेते. म्हणजे पाहा, पंगत आहे पंगत. पहिल्या पंगतीले माती बसली. गहू बाजूले उभा आहे. माती जेवून उठन, मग दुसऱ्या पंगतीले गहू बसन."

पुनाजीनं विडी पेटवली. "पोरी, दुसऱ्या पंगतीले बुंदी उरते का?"

अमर एवढा हासला का त्याले ठसका लागला. सुंदराबाई हासली नाई. ते स्वीटीच्या तोंडाकडं पाहून राह्यलती.

दुसऱ्या दिवशी स्वीटीनं तिच्या वाटणीचा युरिया देला. तोही फेकून नाई. कुटारावर फेकला तं वरच्या वर उडून जाते, नाई तं कुटारच पिऊन घेते. म्हणून तासातासानं, म्हणजे एकेका ओळीत बसून, हातानं कुटार बाजूले सारून, मुळाजवळ, मोजून. दोन एकर, तीन दिवस, पहाटे पहाटे त्या बोरीखाली सुद्धा. कंबर गेली तिची.

फक्त एका जागी नाई देला. वावराच्या मधात खाटेएवढी जागा तिनं सोडली, चार पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काड्या, ठोकल्या, वर लाल रिबिनी बांधल्या. या जागेले युरियाचा दाणा नाई द्यायचा, म्हणजे नुसती माती स्वतःच्या जिवावर किती देते ते समजन.

"हे काय व?" सुंदराबाईनं इचारलं.

"हे अस्मिता मॅडमसाठी. संक्रांतीच्या दिवशी मॅडम येणार आहे, सगळ्यात पयले हेच पाहीन. याले हात नोको लावजो हं आई."

अजून सांगणार होती, पण तेवढ्यात हिंगणघाटवरून फोन. मावशीचा पाय मुरगळला, घरी स्वैपाकाले कोणी नाई, स्वीटीले पाठवा. संध्याकाळच्या गाडीनं गेली पण.

आठ दिवस राह्यली. मावशीनं एक दिवस लंगडत लंगडत तिले जिनिंग दाखवाले नेलं. खुर्ची खरंच चांगली होती, गोल फिरायची. मुनीमजी म्हणाले, "संक्रांतीनंतर ये बेटा, जागा तुहीच." कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या, काट्यावर चढे, उतरे. स्वीटीनं मान डोलावली अन् टेबलाखाली बोटं एकमेकांवर घासून राह्यली. बोटांले माती नव्हती, तं तिले ते बोटं आपली वाटेचना.

परत आली तं बस स्टॉपवरून घरी नाई, सरळ वावरात. अन् पाहते तं गहू फिरलेला! पिवळेपणा निघून राह्यलता, शेंड्यावर हिरवं चढलतं. दोन दिवसांनी अजून. आठवड्यानं तं धुऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या, अन् पुढं पुढं स्वीटीचीच बाजू जास्त काळपट हिरवी. ते वावरात नुसती नाचायची बाकी राह्यली.

"प्रेमदासकाका! उतरली का हळद?"

"हाव बाप्पा. आता पोरगी सासरी नांदून राह्यली."

घरी आली अन् म्हणे, "पाह्यलं? बसला का नाई दुसऱ्या पंगतीले?" पुनाजी "हं" म्हणाला. अमर "हं" म्हणाला. सुंदराबाई म्हणाली, "बसला न माय, बसला," अन् तिच्या ताटात भाकरीवर जास्तीचं तेल सोडलं. स्वीटीले वाटलं, हारले बिचारे, म्हणून चूप आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुनाजीनं पाणी देलतं, अन् दुपारी थोडासा वारा सुटला. तसा काही मोठा नाई, वाळत घातलेलं लुगडं हालन एवढाच. चारच्या सुमारास स्वीटी वावरात गेली अन् जागेवरच उभी राह्यली.

चार पऱ्हाट्या उभ्या होत्या. लाल रिबिनी फडफडून राह्यलत्या. अन् मधातला गहू सपाट. आडवा. कोणी खाटेवरून गोधडी झटकून टाकावी तसा. आजूबाजूले पण जागोजागी लोळलेला, पण तिथी तं सगळ्यात जास्त.

आधी ते घाबरली. मग खाली बसली, एक ताट उपटून पाह्यलं. पान बोटाएवढं रुंद, रंग काळाभोर, दांडा लुसलुशीत, नुसता पाण्याचा. नायट्रोजन जास्त झाला का गहू असाच फोफावते, अन् स्वतःच्याच वजनानं पडते. डिप्लोम्याच्या पहिल्याच सालात शिकवते. पण इथी तं युरिया देलाच नव्हता! साऱ्या वावरात एवढीच जागा उपाशी ठेवलती, अन् तेच सगळ्यात जास्त खाऊन पडली?

ते उठली, सरळ घरी, सरळ युरिया ठेवते त्या खोलीत. एक थैली अख्खी शिल्लक राह्याले पाहिजे होती. थैली होती. रिकामी, घडी करून, नीट भिंतीले लावून ठेवलेली.

सांजेले तिघंही जेवाले बसले तवा स्वीटीनं ते रिकामी थैली मधात ठेवली, भाजीच्या गंजाजवळ. "हे कोणं खाल्लं?"

सुंदराबाईनं भाजी ढवळली. अमरनं कान खाजवला. "मी थोडासा टाकलता. तू हिंगणघाटले गेलतीस तवा. हेल्मेटमध्ये नेला, दोनच हेल्मेट. तो प्रेमदास काय काय बोले धुऱ्यावर, मले सहन नाई झालं. माह्या बहिणीले मीच हासीन न, तो कोण?"

"दोनच हेल्मेट?"

"तीन."

तं सुंदराबाईचा आवाज आला, एवढूसा. "मी पण नेलता व. ओटीत. तू म्हणलं गहू उपाशी उभा आहे. उपाशी कोणाले ठेवायचं का बाई? अन् मॅडम ते रिबिनीचं पयले पाहणार म्हणलं, म्हणून तिथी दोन मुठी जास्तीच्या."

"मी पण तिथी जास्तच टाकला," अमर म्हणाला. "परीक्षेची जागा आहे म्हणून."

आता तिघं पुनाजीकडं पाहे. पुनाजी भाकरी कुस्करून राह्यलता, एकदम बारीक, पीठ होईस्तोवर. "मी दुपट्ट्यात नेला," तो म्हणाला. "पैज माहीच होती. पण पोरगी हारून खुर्चीवर बसन, असं नव्हतं वाटत मले. दोन खेपा केल्या. रिबिनीपाशी तिसरी."

स्वीटीले आधी रडू आलं, मग राग आला, मग हासू आलं, अन् तिन्ही एकदम झालं तं तिच्या नाकातून पाणी. "अरे, पंगतीले तीन तीन वाढपे! एकमेकांले न इचारता! आधीचा माहा, वरून तुमच्या तिघांचा, अन् आता माती जेवून उठली तं तिचाही परत आला. गव्हाचं पोट फुटलं न! तुमच्या युरियातला थोडा उडून तरी गेला म्हणा, नाई तं अख्खं वावर झोपलं असतं."

अन् मग हासू थांबलं. कारण खरं दुखणं तिले आत्ता समजलं. उद्या मॅडम येणार, बाप पाहणार, अन् पाहायचं काय? तिची रीत चालली का नाई चालली, हे आता कोणालेच सांगता येत नव्हतं. हिरवा झाला तो तिच्या मातीनं का अमरच्या हेल्मेटनं? पैज जिंकली म्हणता येईना, हारली म्हणता येईना. अन् काट्यावरची खुर्ची तं वाटच पाहून राह्यलती.

रात्री तिले झोप लागली नाई. अन् पहाटे पहाटे एकदम उठून बसली. हेल्मेट!

हेल्मेटात युरिया होता, तं अमरच्या डोक्यावर काय होतं? काहीच नाई! मग तो बोरीखाली गेला असन का?

तिनं त्याले हालवून उठवलं. "दादा, विहिरीमागं टाकलता का?"

"येडी झाली का? उघड्या डोक्यानं? गांधीलमाशा आहे तिथी."

आई? आईनं कानाले हात लावले. बाप? "दुपारची वेळ होती, माशा उठलेल्या. मी त्या कोपऱ्यात पाणी लावाले पण नाई जाऊन राह्यलो, अन् युरिया टाकाले जाईन?"

मग स्वीटीनं ओढणी डोक्याले गुंडाळली अन् धावत वावरात. पाठीमागून सारं घर.

बोरीखाली, विहिरीमागं, आठ-दहा हात लांब अन् तेवढाच रुंद तुकडा. कोणाचा हात न लागलेला. नांगर नाई, रोटावेटर नाई, वर कुटार, अन् तिनं मोजून देला तेवढाच युरिया. अन् तिथला गहू उभा होता. ताठ. ओंब्या निघालेल्या, रंग ना काळा ना पिवळा, जसा पाहिजे तसा. अन् धुऱ्याच्या पलीकडं, हातभरावर, पुनाजीचा रोटावेटरवाला गहू.

अस्मिता मॅडम सात वाजताच स्कूटीवर आल्या, तवा हे चौघं तिथीच उभे, माशा जाग्या व्हायच्या आत पाहून घ्यायच्या घाईत. स्वीटीनं मॅडमले सारं सांगितलं, हेल्मेट, ओटी, दुपट्टा, काही लपवलं नाई. मॅडम एवढ्या हासल्या का चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "चल, हाच तुकडा पाहू."

पुनाजी उकिडवा बसला. एक हात त्याच्या गव्हाच्या ओंबीवर आडवा ठेवला, तसाच सरळ धुऱ्यावरून पोरीच्या गव्हापर्यंत नेला. मधात फट राह्यली.

तो काही बोलायच्या आत स्वीटीच म्हणाली, "चार बोटं कमी आहे, बाबा. बरोबरी नाई."

पुनाजी उठला नाई. बसल्या बसल्या त्यानं कुटार बाजूले सारलं अन् मातीत बोट घातलं. काळं, ओलं बोट वर काढलं, पाह्यलं. मग पलीकडं त्याच्या वावरात पाह्यलं. तिथी आता पाणी देऊन ओल होती, पण त्याआधी भेगा पडलत्या, टाच जाईन एवढ्या, हे त्याले माहीत होतं.

"या कोपऱ्यात पाणी कवा लावलं होतं?" त्यानं इचारलं.

"यावेळी लावलंच नाई. तुम्हीच तं म्हणाले, माशा."

"अन् मागच्या पाळीले?"

"मागच्या पाळीले पण नाई," अमर म्हणाला. "तेव्हा माही बारी होती."

पुनाजी ते ओलं बोट अंगठ्यावर घासून राह्यला.

"दोन पाणी कमी," तो शेवटी म्हणाला. "डिझेल कमी. अन् चार बोटं कमी." अन् मग एकदम, "पण चार बोटं कोणाचे? माहे का तुहे?"

"काय?"

"मोज न."

स्वीटीनं तिची बोटं लावली. बारीक, लांब. चार बसली, बरोबर. मग पुनाजीनं त्याचा हात लावला, नांगर धरून धरून जाड झालेला. तीनच बसली, अन् तिसरं पण जबरदस्तीनं.

"माह्या बोटानं तीन," तो म्हणाला. "अन् पैज माही, तं बोटंही माहेच."

"बाबा, तीन म्हणजे पण बरोबरी नाई न."

"नाई," पुनाजी म्हणाला. "पैज तं नाई जिंकली तू. पण पैजेत आम्ही तिघांनी हात घातला, तं ते पैज राह्यलीच नाई. रद्द. पुढच्या साली पुन्हा लावू, चारही एकरावर, तुह्याच रीतीनं. अन् मावशीले फोन लाव, म्हणा खुर्चीवर दुसरं कोणी बसव."

अमर म्हणाला, "अन् माहा रोटावेटर?"

"तू प्रेमदासच्या वावरात फिरव. त्याले हळद लावायची हौस नाई."

सुंदराबाई काही बोलली नाई. तिनं कंबरेची किल्ली काढली, युरियाच्या खोलीची, अन् स्वीटीच्या ओढणीच्या टोकाले गाठ मारून बांधली. घट्ट. "आता कोणी मागितला तरी देजो नोको. मले पण," ते म्हणाली. अन् मग, "पण कुटार अर्धं माह्या ढोरांचं. त्यात पैज नाई."

"अर्धं तुहं," स्वीटी म्हणाली.

तेवढ्यात ऊन बोरीवर आलं अन् पहिली माशी भुणभुणली. सगळे विहिरीकडं पळाले, मॅडम सगळ्यात पुढं, अमर दोन्ही हातांनी कान झाकून. स्वीटी मात्र धुऱ्यावर थोडी थांबली. मॅडमनं देलेला तिळगूळ काढला, एक तुकडा बोरीच्या बुडाशी ठेवला.

"कोणाले देऊन राह्यली व?" सुंदराबाई तिकडून ओरडली.

"ज्यायनं हात नाई लावू देला त्यायले," स्वीटी म्हणाली, अन् ओढणीचं टोक मुठीत धरून पळाली.